कामगिरी : निरंक

पीं!

दुपारचे अडीच वाजले होते. लेक नुकतीच झोपली होती, सासूबाई त्यांच्या खोलीत आडव्या झाल्या होत्या, आणि घरात इतकी शांतता होती की फ्रिजनेसुद्धा आपली घुरघुर आवरती घेतली होती. मी चवड्यांवर चालत जेवणाच्या टेबलाशी आले, फॉर्म पसरला, पेनाचं टोपण ओढणीत गुंडाळून काढलं (नुसतं काढलं तर 'टक्' होतं, हे आई झाल्यावर कळतं), खुर्ची अलगद पुढे घेऊन बसले, आणि खुर्चीचा मागचा पाय नेमका रबरी बदकाच्या पोटावर आला.

आतून आवाज आला, "आई?"

"मी इथंच आहे."

"बदक रडलं?"

"नाही गं, हसलं. झोप."

ती झोपली. मी मात्र तशीच बसून राहिले. कारण ही बदकं दाबताना एकदा ओरडतात आणि सोडताना श्वास घेताना पुन्हा एकदा ओरडतात. तेव्हा त्या दुपारचं माझं सगळं लेखन बदकाच्या पोटावर बसून झालेलं आहे, हे फॉर्म वाचणाऱ्यांनी ध्यानात घ्यायला हवं होतं.

लेकीला आम्ही बटण म्हणतो. जन्मली तेव्हा नाक बटणाएवढं होतं. आता ती साडेतीन वर्षांची आहे, नाक बरंच पुढे आलंय, पण नाव काही निघालं नाही. आणि तीही मला गेली साडेतीन वर्षं शिवल्यासारखी चिकटलेली आहे. पुढच्या महिन्यात बालवाडी सुरू होणार, म्हणून हा फॉर्म.

तो शहराच्या रुग्णवाहिका केंद्राचा होता. रुग्णवाहिका पोचेपर्यंत पलीकडच्या माणसाशी फोनवर बोलत राहायचं, अशी नोकरी, तीही दिवसपाळी. जाहिरात वाचली आणि मला वाटलं, ही माझं तोंड बघूनच छापलीय. कारण बटण होण्याआधी पाच वर्षं मी एका लिफ्ट कंपनीत आणीबाणीच्या फोनवर होते. लिफ्ट मध्येच अडकली की आतला माणूस लाल बटण दाबतो. ते जिथे वाजायचं, तिथे मी. मिस्त्री पोचेपर्यंत त्या माणसाशी बोलायचं, कधी दहा मिनिटं, कधी दीड तास. एवढंच काम. पण ते मला येत होतं. आणि खरं सांगायचं तर गेल्या साडेतीन वर्षांत, आपल्याला काहीतरी येत होतं, ही गोष्टच मी विसरत चालले होते. ती नोकरी मला हवी होती, ती या कारणासाठी.

नाव, पत्ता, शिक्षण झरझर भरलं. पान उलटलं. तिथे लिहिलं होतं: 'आजवरच्या नोकरीतील पाच ठळक कामगिऱ्या. (आकडेवारी आवश्यक. पुरावा जोडावा. रकाने रिकामे सोडू नयेत.)' मुदत शुक्रवार, संध्याकाळी पाच. त्या दिवशी मंगळवार होता.

कामगिरी म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर घोडा येतो. मी तर फिरत्या खुर्चीवर होते, आणि तिचंही एक चाक गेलेलं होतं. तरी पेन सरसावलं. पहिल्या रकान्यात लिहिलं, 'वेळेवर येत असे.' मग मनाला लागलं, म्हणून त्यात 'बहुधा' घातलं. दुसऱ्यात लिहिलं, 'अक्षर सुवाच्य.' तिसऱ्या रकान्यापुढे अर्धा तास बसले आणि एक बदक काढलं. चौथ्यात 'फोनवर बोलत असे' एवढं लिहिलं, तेवढ्यात बटण उठली.

संध्याकाळी नवऱ्याने कागद हातात घेतला. तो ज्या ऑफिसात आहे तिथे कामापेक्षा कामाबद्दल बोलायला जास्त माणसं आहेत, आणि तो त्यातला एक आहे. त्याने कपाळावर हात मारला.

"अगं, 'फोनवर बोलत असे' असं कुणी लिहितं का? लिही, उभ्या वाहतुकीतील आणीबाणीप्रसंगी बहुस्तरीय संवाद-व्यवस्थापन."

"म्हणजे काय?"

"फोनवर बोलत असे."

सासूबाई लसूण सोलत होत्या. त्यांनी मान वर न करता विचारलं, "बहुस्तरीय कशाला? सातव्या मजल्याच्या वर अडकायचं कोण?" मग थोड्या वेळाने म्हणाल्या, "मला विचारशील तर लिही, पाच वर्षांत एकदाही आवाज चढवला नाही."

मला भरूनच आलं.

"घरात चढवतेस," त्या म्हणाल्या, "पण ते त्यांना कशाला सांगायचं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी ही बातमी सासूबाईंकडून जिन्याने वर गेली आणि मापकाकांना घेऊन खाली आली. मापकाका म्हणजे आमच्या वरच्या मजल्यावरचे शेजारी. वजनमापे खात्यात अडतीस वर्षं काढली, दुकानोदुकानी तराजू तपासले, निवृत्त झाले. पण मोजायची खोड काही निवृत्त झाली नाही. पावाची लादी आली की ते आधी तोलतात आणि मग खातात. आमच्या जिन्याच्या अकराव्या पायरीची उंची बाकीच्यांपेक्षा एक सेंटिमीटरने जास्त आहे, हे साऱ्या इमारतीला त्यांच्यामुळे माहीत आहे आणि त्यामुळेच सगळे तिथे अडखळतात. (इमारतीला लिफ्ट नाही, हे इथंच सांगून टाकते. नाहीतर शेवटी मीच लिफ्टमध्ये अडकणार म्हणून वाट बघत बसाल. अडकलं कुणीतरी. पण लिफ्टमध्ये नाही.)

"सूनबाई," मापकाका खुर्चीत बसत म्हणाले, "लोकांना धीर दिलात म्हणे. किती दिलात?"

"किती म्हणजे?"

"एकक काय? किलो, लिटर, मीटर?"

"काका, धीर कसा मोजणार?"

"मोजता येत नाही ते झालं नाही, असं धरून चालतात या कचेऱ्या. मी स्वतः अडतीस वर्षं तसंच धरलं. तुमच्या ऑफिसात नोंदवही असेल की नाही? मग जा आणि आकडा घेऊन या."

हे मात्र पटलं. नोंदवही होती. पाच वर्षं मीच भरली होती. सासूबाईंना दाताच्या डॉक्टरांकडे जायचं होतं, म्हणून बटणला काखोटीला मारून मी जुन्या ऑफिसात गेले.

आस्थापनेच्या टेबलावर तेच गृहस्थ होते. मी नोकरीत होते तेव्हाही तेच होते, आणि तेव्हाही मला ओळखत नसत.

"अनुभवाचा दाखला हवाय," मी म्हटलं.

"कर्मचारी क्रमांक?"

"तो ओळखपत्रावर होता."

"ओळखपत्र दाखवा."

"ते सोडताना तुम्हीच जमा करून घेतलंत."

"त्याची पावती?"

"ती तुम्ही माझ्या फाइलला लावलीत."

"मग फाइल बघावी लागेल."

"बघा ना."

"फाइल बघायला क्रमांक लागतो."

या गोल जिन्यावर आम्ही तीन फेऱ्या मारल्या. चौथ्या फेरीला गृहस्थ एकदम थांबले, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, "खुर्चीचं एक चाक गेलेल्या, त्याच ना तुम्ही? तीन अर्ज केले होतेत."

माझी फाइल फर्निचरच्या कपाटात निघाली. पाच वर्षांच्या इमानी नोकरीची ऑफिसच्या स्मरणात उरलेली खूण म्हणजे ते चाक. पण मी मान खाली घालून आभार मानले. चाक नसतं गेलं, तर मी कुठल्याच कपाटात सापडले नसते.

मग नोंदवह्या आल्या. माझं अक्षर बघून मला जुनी मैत्रीण भेटल्यासारखं झालं. तारीख, इमारत, मिस्त्री कोण, किती मिनिटं, आणि शेवटचा रकाना 'निष्पत्ती'. या शेवटच्या रकान्याचा नियम असा, की इजा झाली, दार वाकवलं, काच फोडली, कुणी चक्कर येऊन पडलं, तर ते लिहायचं. काहीच झालं नाही तर 'निरंक' लिहायचं. मी खालपर्यंत बोट फिरवलं. निरंक. निरंक. निरंक. पानामागून पान. एक आजी दीड तास अडकल्या होत्या, त्यांनी मला चार सुनांची उणीदुणी सांगितली होती: निरंक. शाळेतल्या तीन मुली होत्या, त्यांच्याकडून मी फोनवर सतराचा पाढा म्हणवून घेतला होता: निरंक. नवरदेवासारखा नटून मुलाखतीला निघालेला एक मुलगा रडायला लागला होता, त्याची मुलाखत मीच घेऊन टाकली होती: निरंक.

"किती भरले?" गृहस्थांनी विचारलं. दोघांनी मिळून मोजले. आठशे छत्तीस.

आठशे छत्तीस! माझी मान ताठ झाली. गृहस्थ टंकायला बसले आणि अर्ध्या तासात सहीशिक्क्यानिशी दाखला माझ्या हातात आला. एवढ्या चटकन काम झालं की मला तेव्हाच शंका यायला हवी होती. दाखल्यात लिहिलं होतं: 'सदर कर्मचारी यांनी पाच वर्षांत एकूण ८३६ प्रसंग हाताळले. कामगिरी : निरंक.'

"अहो, हे काय?"

"वहीच्या शेवटच्या रकान्यात जे असेल ते दाखल्याच्या शेवटच्या ओळीत उतरवायचं असतं. मी मनाचं काही लिहीत नाही."

"पण निरंक म्हणजे कुणाला काही झालं नाही!"

"तेच म्हणतोय. काही झालं नाही."

"पण ते माझ्यामुळे झालं नाही ना!"

त्यांनी वही पुन्हा उघडली, वरपासून खालपर्यंत पाहिली आणि मनापासून वाईट वाटून म्हणाले, "असा रकाना नाही, मॅडम."

दाखला दुरुस्त करायला व्यवस्थापकांची सही लागते आणि व्यवस्थापक सोमवारी येणार होते. फॉर्मची मुदत शुक्रवारची. मी वाद घालायला तोंड उघडलं, तेव्हा लक्षात आलं, की बटण मघापासून फारच शांत आहे. ती टेबलाच्या टोकाशी फ्रॉक वर करून उभी होती आणि पोटावर ठसठशीत निळ्या शाईत 'आवक' असा शिक्का होता. खाली आजची तारीख.

"हा पुसायचा नाही," ती गृहस्थांना म्हणाली.

"नाहीच पुसला जात," गृहस्थ म्हणाले. "चांगली शाई आहे." आणि पहिल्यांदाच हसले.

फाटकाशी मिस्त्री भेटला. मी फोनवर असताना जो निम्म्याहून अधिक वेळा जिने चढून जायचा, तोच. कानामागे तीच पेन्सिल, हातात तीच पिशवी.

"ताई! किती वर्षांनी! आणि ही कोण, छोटी ताई?"

मी दाखला त्याच्यापुढे धरला. त्याने ओठ हलवत वाचला आणि जपून परत दिला.

"ताई, मी एक सांगू का? तुम्ही फोनवर असलात ना, की मी लाल सिग्नलला थांबायचो. दुसरं कुणी असलं की नाही थांबायचो. लोक दारं वाकवायचे, हात घालायचे फटीत. जीव मुठीत घेऊन गाडी हाणायला लागायची. तुमच्या वेळेला वाटायचं, ताई आहेत. दोन मिनिटं उशीर झाला तरी चालेल." त्याने पेन्सिल कानामागून काढली आणि पुन्हा खोचली. "हे कुठं लिहीत नाहीत का?"

"असा रकाना नाही," मी म्हटलं.

घरी आल्यावर सासूबाईंनी, एक गाल सुजलेला असतानाही, आधी बटणचं पोट वाचलं आणि मग दाखला. पोटाबद्दल म्हणाल्या, "आवक आहे ना, मग ठीक. जावक मारलं असतं तर पंचाईत होती." दाखल्याबद्दल काहीच बोलल्या नाहीत. सासूबाई गप्प बसल्या की समजावं, प्रकरण गंभीर आहे. मी बाथरूममध्ये गेले, नळ सोडला आणि पाच मिनिटं रडले. (आकडेवारी आवश्यक.)

बाहेरून आवाज आला, "आई?"

"मी इथंच आहे."

गुरुवारी दुपारी मापकाकांनी दाखला भिंग लावून वाचला. मला वाटलं, आता सांत्वन होणार. पण त्यांचे डोळे चमकायला लागले.

"सूनबाई, शून्य हेसुद्धा माप आहे. काटा शून्यावर आहे तो पारड्यात काही नाही म्हणून, की कुणीतरी दुसऱ्या पारड्यात बरोब्बर तेवढंच ठेवलंय म्हणून, हे तपासणी केल्याशिवाय कळत नाही. आपण तपासणी करू."

तपासणीचा बेत असा. मापकाकांची अडगळीची खोली, जिला खिडकी नाही, नुसता एक मिणमिणता दिवा आहे, ती म्हणजे लिफ्ट. बोटाला लावून नाडी मोजायचं यंत्र त्यांच्याकडे होतंच. नाडी वाढावी म्हणून ते आधी दोनदा जिना चढून-उतरून येणार ("मला भीती अशी वाटत नाही, हीच खरी अडचण आहे"), मग खोलीत जाऊन दार लावून घेणार. मी बाहेरून बोलायचं. दर पाच मिनिटांनी ते नाडी लिहून ठेवणार. बटण तिथेच बाहेरच्या खोलीत कागद-खडू घेऊन चित्र काढत बसली होती. काकू त्यांच्या लेकीकडे गेल्या होत्या. त्या असत्या तर हे काही घडलं नसतं, आणि मला आज नोकरी नसती.

मी नको नको म्हणत होते. पण समोरच्या माणसाला निवृत्तीनंतर पहिल्यांदाच तपासणी करायला मिळत होती. त्याच्या तोंडावरचा आनंद मोडवेना. काका दोनदा जिना चढून आले (अकराव्या पायरीला दोन्ही वेळा अडखळले), आत गेले, दार ओढून घेतलं. आतून 'खट्' असा आवाज झाला.  मग काकांचा आवाज आला, जरा बारीक.

"सूनबाई, मूठ माझ्या हातात आली."

मी बाहेरची मूठ फिरवली. ती गोल गोल फिरत राहिली, आस्थापनेच्या गृहस्थांसारखी. कडी जागची हलेना. सुताराला फोन केला, तो म्हणाला उद्या येतो. मग मी लिफ्टच्या मिस्त्रीला फोन केला. तो म्हणाला, "पाऊण तास लागेल. ताई, तुम्ही आहात ना तिथं? मग येतो व्यवस्थित."

"सूनबाई," आतून काका म्हणाले, "या खोलीत हवा किती घनफूट असेल?" आणि पुढे मोठमोठ्याने गुणाकार करायला लागले. गुणाकार चुकत होता. मापकाकांचा गुणाकार चुकतोय हे ऐकलं, आणि मला कळलं, की ही तपासणी आता तपासणी राहिलेली नाही.

पाच वर्षांत मी एकाही माणसाला 'घाबरू नका' असं म्हटलेलं नाही. घाबरू नका म्हटलं, की माणूस आपण घाबरलोय की काय ते तपासायला लागतो. मी जमिनीवर बसले, दाराला पाठ टेकवली आणि साडेतीन वर्षांनी माझा जुना आवाज आपणहून आला. तो कुठे गेलाच नव्हता. रोज दुपारी बटणच्या खोलीत हजेरी लावत होता.

"मी इथंच आहे, काका. हातात काय आहे तुमच्या?"

"मूठ."

"ती खाली ठेवा. आता दुसऱ्या हाताला काय लागतंय?"

खुडबुड झाली. "डबा आहे. पत्र्याचा." मग आवाज बदलला. "अगं, ही तर माझी वजनं! पितळेची! मी हिला सांगत होतो, हरवली नाहीत म्हणून!"

"किती आहेत?"

"नऊ असायला हवीत." मोजणी झाली. "आठ आहेत."

"नववं कुठं गेलं मग?"

नववं वजन कुठं गेलं, याची गोष्ट चौदा मिनिटं चालली. तीत एक लबाड दुकानदार होता, पारड्याच्या खाली चिकटवलेला चिखलाचा गोळा होता, आणि रागाच्या भरात विहिरीत भिरकावलेलं पन्नास ग्रॅमचं वजन होतं. मी मधे मधे 'हो का?' म्हणत होते. या कामात 'हो का?' फार जपून वापरावं लागतं. जास्त झालं की समोरच्याला कळतं.

मग गोष्ट संपली आणि काकांचा आवाज एकदम कापरा झाला. "सूनबाई... आहात ना?"

मी बोलणार, त्याआधी माझ्या पायाशी कुणीतरी बोललं. बटण जमिनीवर पालथी पडली होती, दाराच्या फटीला तोंड लावून.

"मी इथंच आहे," ती म्हणाली. अगदी माझ्याच सुरात. मी हे तिला कधी शिकवलं नव्हतं. फक्त रोज म्हटलं होतं.

मग तिने फटीतून एक कागद आत सरकवला.

"हे काय आहे गं?" काकांनी विचारलं.

"तुम्ही."

"मला पाय किती काढलेस?"

"सहा."

आत मोजणी झाली. "पाच आहेत."

कागद बाहेर आला. सहावा पाय काढून पुन्हा आत गेला. "आता बरोबर," काका म्हणाले, आणि त्यांच्या आवाजातला कंप गेला तो गेलाच.

मिस्त्री बावन्न मिनिटांनी आला. "सिग्नलला थांबलो," म्हणाला. बिजागऱ्यांचे स्क्रू काढून त्याने दार उचलून बाजूला ठेवलं, आणि मापकाका बाहेर आले: डोक्यावर कोळिष्टकं, एका हातात पत्र्याचा डबा, बोटाला अजूनही ते यंत्र. खाली बसले, पाणी प्यायले आणि बटणच्या चित्राच्या पाठीमागे सुवाच्य अक्षरात लिहायला लागले: 'दार बंद होताच नाडी १२४. सूनबाई बोलू लागल्यापासून सव्वीस मिनिटांत ७६. यंत्र तपासलेले आहे.' खाली सही, आणि सहीखाली आपला जुना हुद्दा.

कागद माझ्या हातात देताना ते बराच वेळ सोडेनात. "खरं सांगू सूनबाई? मधे दोनदा मी मोजायचं विसरलो."

मापकाकांच्या तोंडून याहून मोठं काही निघू शकत नाही.  मग मिस्त्रीने कानामागची पेन्सिल काढली आणि कुणी न सांगता त्या कागदाच्या तळाशी लिहिलं, 'ताई फोनवर असल्यावर मी सिग्नल तोडला नाही.' आपलं नाव लिहून खाली रेघ मारली.

शुक्रवारी नवऱ्याने अर्धा दिवस सुटी काढली आणि 'बहुस्तरीय'बद्दल चकार शब्द न काढता बटणला बागेत नेलं. मी कोरा फॉर्म घेतला आणि पहिल्या रकान्यात लिहिलं: 'लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसांशी ८३६ वेळा मिस्त्री येईपर्यंत बोलत राहिले. इजा, मोडतोड, तक्रार : निरंक.' सोबत दाखला जोडला, आणि काकांचा कागद. पाचला पाच मिनिटं कमी असताना केंद्राच्या खिडकीशी पोचले. आतल्या बाईंनी फॉर्म चाळला.

"उरलेले चार रकाने?"

"एवढंच आहे."

"रिकामे चालत नाहीत. काहीतरी लिहा."

मी तिथेच उभ्या उभ्या चारही रकान्यांत लिहिलं: निरंक, निरंक, निरंक, निरंक. हाताला सवय होती.

दहा दिवसांनी मुलाखतीला बोलावलं. केंद्रप्रमुख बाई पन्नाशीच्या होत्या, कानाला हेडफोनचा वळ कायमचा उमटलेला. त्यांनी माझे कागद उलटेपालटे केले.

"हे सहा पायांचं काय आहे?"

"ती पुराव्याची मागची बाजू आहे."

त्यांनी पुढची बाजू वाचली. मग दाखला वाचला. मग पुन्हा काकांचा कागद, अगदी तळाशी पेन्सिलीने लिहिलेल्या ओळीपर्यंत. मी पदराशी, म्हणजे ओढणीशी, चाळा करत होते. माझ्या डोळ्यांसमोर 'कामगिरी : निरंक' हे शब्द छतापर्यंत वाढत चालले होते.

"पहिलं वाक्य काय बोलायचात?" त्यांनी विचारलं.

"मी इथंच आहे."

"मग?"

"मग त्यांच्या हातात काय आहे ते विचारायचे."

त्यांनी चष्मा काढला. "आमच्याही वहीला असा शेवटचा रकाना आहे," त्या म्हणाल्या. "त्यात निरंक लिहायला मिळावं, म्हणून तर आम्ही सगळे इथं बसतो. रोज नाही मिळत."

काल पत्र आलं. सोमवारपासून हजर व्हायचंय.

पत्र घेऊन मी आधी वर गेले. काकांनी लिफाफा तोलला (बावीस ग्रॅम) आणि जाहीर केलं, की बालवाडीतून बटणला आणायचं काम त्यांचं. अंतर सहाशे चाळीस पावलं आहे, त्यांनी मोजून ठेवलंय. सासूबाईंनी पत्र वाचून देवाजवळ वगैरे न ठेवता माझ्या हातात परत दिलं आणि म्हणाल्या, "दुपारी मी काही झोपत नाही तशीही. नुसती पडून असते. बघेन मी तिच्याकडे." त्या दुपारी चांगल्या घोरतात, हे आम्हां दोघींनाही माहीत आहे. मी त्यांच्याकडे बघत राहिले, तर म्हणाल्या, "लसूण सोल." आस्थापनेच्या गृहस्थांना मी पेढ्यांऐवजी पत्र पाठवलंय: तुमच्या दाखल्याबद्दल मनःपूर्वक आभार, दुरुस्तीची आवश्यकता नाही. ते माझं पत्रही फर्निचरच्या कपाटात लावतील, मला खात्री आहे.

फॉर्मवाल्यांनी खरं तर एक सहावा रकाना द्यायला हवा होता, हे सगळं कुणाकुणामुळे झालं तो. तो मला एका दमात भरता आला असता. त्याला जागा पुरली नसती.

आत्ता दुपारचे तीन वाजलेत. हे लिहिता लिहिता बटण उठली. पोटावरचं 'आवक' आता फिकं झालंय, फक्त 'आ' उरलाय. ती मांडीवर येऊन बसली, बदक कुशीत घेऊन, आणि मी तिला सांगितलं, की सोमवारपासून आई कामाला जाणार.

"तिथं काय करणार?"

"कुणी आजारी असेल, घाबरलं असेल, की ते मला फोन करणार. मग गाडी येईपर्यंत मी त्यांच्याशी बोलणार."

"काय बोलणार?"

"मी त्यांना म्हणणार, मी इथंच आहे."

तिने बदकाचं पोट हळूच दाबलं. मग हळूच सोडलं. 

"आई," ती म्हणाली, "तू तिथं 'इथंच' असलीस, तर मग इथं कोण असेल?"